कुंडीतला वाफसा: घरातल्या झाडांना पाणी कधी आणि किती घालायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पहिल्यांदाच पाच झाडं आणली: मनीप्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली, एक फर्न आणि एक जेड. रोज सकाळी न चुकता प्रत्येकाला अर्धा कप पाणी घातलं. दोन महिन्यांत जेडचं खोड मऊ पडून ते आडवं झालं, फर्न कडांपासून वाळत गेलं, पीस लिलीची पानं पिवळी पडून लोंबताहेत. स्नेक प्लांट आहे तसंच आहे आणि मनीप्लांट मात्र मजेत वाढतंय. पाणी सगळ्यांना सारखंच, मग हे असं का? आणि कोणाला आठवड्यातून किती वेळा, किती मिलिलिटर पाणी घालायचं याचा तक्ता मिळेल का?

तक्ता देणार नाही. एके काळी देत होतो, म्हणूनच. रोपवाटिका चालवायला लागून मला आता २२ वर्षं झाली. सुरुवातीला विकलेल्या प्रत्येक कुंडीत मी एक चिठ्ठी खोचायचो, ‘आठवड्यातून दोनदा पाणी’. एका कार्यालयाला एकाच खेपेतली, एकाच मापाची दोन रबर प्लांट दिली. एक खिडकीजवळ गेलं, दुसरं आतल्या बोळात, जिथे दिवसाही दिवा लावावा लागायचा. तिथला माणूस चिठ्ठीप्रमाणे अगदी इमानाने दोघांनाही सोमवारी आणि गुरुवारी पाणी घालायचा. तीन महिन्यांनी जाऊन पाहतो तर खिडकीतलं झाड तहानेने पानं गाळतंय आणि बोळातलं मुळापासून सडलंय. त्या माणसाची काहीच चूक नव्हती. चिठ्ठ्या मी त्याच आठवड्यात बंद केल्या.

शेतीशी थोडाफार संबंध असलेल्यांना ‘वाफसा’ हा शब्द माहीत असतो. चांगला पाऊस पडून गेला की शेतकरी लगेच रानात पाय घालत नाही. मातीत जादा पाणी असेपर्यंत नुसता चिखल असतो. ते निथरून गेलं, कणांना ओल धरून राहिली आणि मधल्या पोकळ्यांत पुन्हा हवा शिरली, की वाफसा आला म्हणायचं. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचलं की फुटतो. मुळांना ओल आणि हवा दोन्ही एकाच वेळी मिळतात अशी ही अवस्था. कुंडीतही हेच घडत असतं, फक्त लहान प्रमाणावर. आपण पाणी घातलं की वाफसा थोडा वेळ मोडतो, निचरा झाला की परत येतो, काही दिवस टिकतो आणि मग ओल सरत जाऊन माती कोरडी पडू लागते. पुढच्या पाण्याची वेळ तिथे असते. ती सोमवारी येईल की शनिवारी, हे उजेड, ऊब, कुंडी, माती आणि झाड मिळून ठरवतात.

हवेवर इतका जोर का, ते सांगतो. पानं उजेडात ऑक्सिजन तयार करतात हे शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळे झाडालाही श्वास घ्यावा लागतो हे आपण विसरतो. मुळं अंधारात असतात. त्यांना लागणारा ऑक्सिजन मातीतल्या पोकळ्यांमधूनच येतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की दार बंद, कारण ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. मुळं आधी गुदमरतात, मग सडतात. पिथियम आणि फायटोफ्थोरा हे बुरशीसारखे दिसणारे जीव अशा वेळी टपलेलेच असतात. त्यांचे बीजाणू चक्क पोहतात, म्हणजे मुळापर्यंत पोचायला त्यांना भरलेलं पाणी हवंच असतं. झाड ‘जास्त पाण्याने मेलं’ असं आपण म्हणतो. खरं तर ते हवेविना मेलेलं असतं. एका दिवशी भरपूर पाणी घातल्याने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते पाणी वारंवार घातल्याने, वाफसा येऊच न दिल्याने.

यात एक फसगत आहे आणि नवख्यांची निम्मी झाडं तिच्यापायी जातात. मुळं सडली की ती पाणी ओढू शकत नाहीत, आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेल्या झाडासारखीच मान टाकतं. माणूस पानं पाहतो, कळवळतो आणि आणखी पाणी घालतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! म्हणून पानं लोंबली की पहिला हात झारीकडे जाऊ देऊ नका, मातीत जाऊ द्या. माती कोरडी आणि पानं मलूल, तर तहान. माती ओली आणि पानं मलूल, तर मुळांचं दुखणं. पानांकडे बघून हे कळणार नाही.

आता तुमची पाच झाडं घेऊ. जेडचं कोडं सोपं आहे: त्याच्या पानांत आणि खोडात पाण्याचा साठा असतो, मुळं बारीक असतात आणि त्यांना मधूनमधून पूर्ण कोरडं व्हायला लागतं. रोजच्या अर्ध्या कपाने त्याची लहानशी कुंडी एकदाही कोरडी झाली नसणार. फर्नचं मात्र उलटं झालं असावं. फर्नची कुंडी मुळांनी गच्च भरलेली असते. अर्धा कप पाणी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये मुरतं, तिथून उडून जातं आणि खालचा गोळा आठवडेच्या आठवडे कोरडा राहतो. वर हात लावला की ओलं लागतं म्हणून आपण निर्धास्त असतो. एकाच कपाने एक झाड बुडालं आणि दुसरं तहानेने गेलं, ते असं. पीस लिलीकडे शेवटी येतो, ती अजून वाचण्यासारखी आहे. स्नेक प्लांट सावकाश मरतं, त्यामुळे ‘आहे तसं आहे’ यावर विसंबू नका. त्याचा बुंधा आज दाबून बघा. आणि मनीप्लांट कोणालाही माफ करतं, म्हणून तर ते घरोघरी दिसतं. त्याच्यावरून बाकीच्यांना पाणी घालायला शिकू नये.

तुमच्या पद्धतीत दुरुस्त करायची पहिली गोष्ट ही. ‘या झाडाला पाणी कमी लागतं’ असं आम्ही म्हणतो तेव्हा आमच्या मनात असतं ‘कमी वेळा लागतं’. ऐकणारा समजतो ‘थोडंथोडं लागतं’. मग जेडला रोज चमचाभर पाणी मिळतं. मिलिलिटर मोजू नका. कोणतंही झाड असो, पाणी घालाल तेव्हा सगळी माती भिजेपर्यंत घाला. झाडाझाडांत बदलायचं ते दोन पाण्यांमधलं अंतर.

वाफसा संपत आला हे ओळखायचं कसं? सगळ्यांना माहीत असलेला उपाय बोटाचा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर, मातीत घाला. तिथे गार आणि ओलं लागलं तर थांबा. लहान कुंडीला हे पुरतं. मोठ्या, खोल कुंडीत बोट पोचतं तिथे कोरडं आणि तळाशी डबकं असं असू शकतं, तेव्हा लाकडी काडी वापरा. रंग न दिलेली, साधी काडी तळापर्यंत खुपसून पाच-दहा मिनिटांनी काढायची. ओल असेल तिथपर्यंत ती गडद होते, मातीचे कण चिकटतात. वासही घ्या. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर ठीक. गटारासारखा, कुजका आला तर तळाला हवा नाही. बाजारात ओल मोजायचे स्वस्त काटे मिळतात, ते बहुतेक विजेचं वहन मोजतात. मातीत खताचे क्षार असले की काटा ओलीकडे झुकतो, मिश्रण भुसभुशीत असलं की कोरडीकडे. दोन वेगवेगळ्या कुंड्यांमधले आकडे ताडून पाहण्यात अर्थ नाही. माझ्याकडे असा एक काटा आहे, तो खणात पडून असतो.

माझा स्वतःचा भरवसा वजनावर आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे कुंडी स्वतःच तराजू असते. पोटभर पाणी घाला, निथरू द्या आणि कुंडी दोन्ही हातांनी उचला. तो भार लक्षात ठेवा. मग रोज पाणी न घालता नुसती उचला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरक हाताला कळायला लागतो, आणि एक दिवस असा येतो की कुंडी रिकामी असल्यासारखी झटकन वर येते. प्लॅस्टिकच्या कुंडीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असेल तर हा फरक फारच ठळक जाणवतो, कारण कोकोपीट स्वतः हलकं असतं आणि कुंडीचं वजन म्हणजे जवळपास पाण्याचंच वजन.

हाताचा भरवसा वाटत नसेल तर महिनाभर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. माझ्या टेबलावर १५ सेंटिमीटरच्या कुंडीत एक पीस लिली आहे. भिजून निथरल्यावर ती १४०० ग्रॅम भरते आणि मान टाकते तेव्हा ९००. मी तिला १००० ते १०५० च्या आसपास पाणी घालतो. तुमच्या कुंडीचे आकडे वेगळे येतील, ते कुंडीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. महिन्याभरात काटा लागेनासा होतो. मला तर आता कुंडी जराशी कलती करून पाहिली तरी कळतं.

ही युक्ती जुनीच आहे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाने १७२४ च्या उन्हाळ्यात एका कुंडीतलं सूर्यफूल पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ वजन करून पाहिलं. मातीतून पाणी उडू नये म्हणून त्याने कुंडीच्या तोंडावर शिशाचा पत्रा बसवला होता, म्हणजे घटणारं वजन पानांतून गेलेल्या पाण्याचंच. दिवसभरात सरासरी साडेपाचशे ग्रॅमच्या थोडं वर पाणी जात होतं, पण सगळ्यात कोरड्या, उष्ण दिवशी ते साडेआठशेपर्यंत गेलं, आणि दव पडलेल्या रात्री जवळपास काहीच नाही. कुंडी तीच आणि झाडही तेच. ‘आठवड्यातून दोनदा’ ही चिठ्ठी तिथेच खोटी ठरते.

झाड जे पाणी ओढतं त्यातलं बहुतेक सगळं पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन निघून जातं. शरीर बांधायला अगदी किरकोळ भाग लागतो. ही छिद्रं किती उघडी राहतील हे मुख्यतः उजेडावर ठरतं. म्हणून पाण्याचा विचार करताना मी आधी खिडकी पाहतो. भरपूर उजेडातलं झाड दर चार दिवसांनी पाणी मागत असेल, तर तेच खोलीच्या कोपऱ्यात नेल्यावर दहा-बारा दिवस मागणार नाही. झाडाची जागा बदलली की जुना अंदाज रद्द समजा. थंडीत दिवस लहान होतात, वाढ मंदावते आणि तेव्हाही अंतर वाढतं. एअर कंडिशनर किंवा पंख्याचा झोत थेट अंगावर येत असेल तर माती भराभर सुकते.

आता पाणी घालण्याची कृती. बारीक तोंडाच्या झारीने मातीवर सगळीकडे, सावकाश घाला. एकाच जागी धार धरली तर तिथून वाट पडते आणि बाकीची माती कोरडी राहते. तळाच्या भोकातून पाणी येऊ लागलं की थांबा, पाच मिनिटं जाऊ द्या आणि पुन्हा थोडं घाला. घातलेल्या पाण्यापैकी थोडं खालून वाहून जाणं चांगलं असतं, त्याबरोबर साचलेले क्षारही निघून जातात. पुढचं काम लोक हमखास विसरतात: अर्ध्या तासाने बशीत साठलेलं पाणी ओतून द्या. बशी भरलेली राहिली तर माती तेच पाणी खालून शोषत राहते आणि तळाला वाफसा येत नाही.

घातलेलं पाणी लगेच, दोन सेकंदांत खालून आलं तर खूश होऊ नका. कोकोपीट किंवा पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा) एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी झिडकारतं. गोळा आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतो आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. बशी भरते, मुळं कोरडी राहतात. तुमच्या फर्नचं असंच झालं असेल. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्ध्या उंचीपर्यंत अर्धा तास ठेवा. वरची माती ओलसर दिसू लागली की बाहेर काढून पूर्ण निथरू द्या. पहिल्यांदा ती तरंगायला बघेल, हाताने धरून ठेवा. नेहमीच खालून पाणी द्यायची पद्धत काही जण वापरतात. ती वाईट नाही, पण त्यात क्षार वर चढून मातीवर पांढरा थर धरतात, तेव्हा महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी सोडावं.

कुंडीबद्दल दोन शब्द म्हणता म्हणता माझे चार होतात, कारण पाण्याची अर्धी भानगड तिथेच असते. तळाला भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत झाड लावू नका. ती आवडली असेल तर झाड भोकाच्या साध्या कुंडीत ठेवून ती आत बसवा, आणि पाणी घालताना आतली बाहेर काढा. कितीदा तरी लोकांनी मरत आलेलं झाड माझ्याकडे आणलंय, मी आतली कुंडी उचलली आहे आणि खाली चार बोटं पाणी निघालं आहे. घरच्यांना ते माहीतच नसतं.

भोक नाही म्हणून तळाला खडे घालण्याचा सल्ला तर अमर आहे. खड्यांनी निचरा सुधारत नाही. बारीक मातीतून जाड खड्यांत पाणी तोवर उतरत नाही, जोवर वरची माती पूर्ण तुडुंब होत नाही. हे पटायला एक गंमत करा. भांडी घासायचा लांबट स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी ठिबकायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेवढंच, पण आडव्या स्पंजात खालचा ओलागच्च थर जितका जाड असतो तितकाच तो उभ्यातही असतो, आणि उभ्यात त्याला जागा कमी मिळते म्हणून उरलेलं पाणी गळतं. कुंडीतही तळाशी असा एक थर नेहमीच भिजलेला राहतो. त्याची जाडी मातीच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खडे घातले की तो थर जाऊन मुळांच्या आणखी जवळ बसतो. तो पातळ करायचा तर मातीच जाड करावी लागते: परलाइट (ज्वालामुखी खडक फुलवून केलेले हलके पांढरे दाणे), सालीचे तुकडे, भाताचं तूस, जे मिळेल ते मिसळून. आणि उथळ कुंडीत या थराचा वाटा मोठा असतो, म्हणून उथळ पसरट भांड्यात जेड लावायची हौस असेल तर मिश्रण खूपच भरड हवं.

लहान झाडाला मोठी कुंडी देणं ही दुसरी हौस. ‘एकदाच मोठी घेऊ, वाढेल त्यात.’ मुळं मधल्या मूठभर जागेत, आणि भोवतालची सगळी माती ओली. ते पाणी प्यायला कोणीच नाही. आधीच्या कुंडीपेक्षा दोन-चार सेंटिमीटर रुंद, त्याहून जास्त नको. भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी उडतं, ती लवकर सुकते. प्लॅस्टिक आणि चकचकीत लेप दिलेली चिनी माती ओल धरते. हात सढळ असणाऱ्याने मातीची कुंडी घ्यावी, विसरभोळ्याने प्लॅस्टिकची. तुम्ही रोज न चुकता पाणी घालणारे, तेव्हा तुमचं उत्तर तुम्हाला कळलंच.

झाडांकडे येऊ. जेड, कोरफड आणि बाकीची मांसल झाडं: माती पूर्ण, अगदी तळापर्यंत कोरडी झाल्यावर आणखी दोन-तीन दिवस थांबा. पानं किंचित सुरकुतली, बोटाने दाबल्यावर मऊ लागली की पाणी. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांटही याच पंगतीत. स्नेक प्लांटची छिद्रं रात्री उघडतात, दिवसा मिटलेली असतात, त्यामुळे पाणी जातं फार कमी. झीझीच्या जमिनीखालच्या गाठी म्हणजे त्याच्या टाक्याच. अंधाऱ्या कोपऱ्यात या दोघांना मी महिना-महिना पाणी घातलेलं नाही. मनीप्लांट, रबर प्लांट, सिंगोनियम, मॉन्स्टेरा यांची वरची अर्धी माती कोरडी होऊ द्या. पीस लिलीला थोडं आधी, वरचा तिसरा हिस्सा सुकल्यावर. ती मान टाकून मागते आणि पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. शिकायला हे झाड उत्तम, फक्त तिला दर वेळी इतकं ताणू नका, दर मूर्च्छेत काही बारीक मुळं जातात. फर्न आणि कॅलेथिया यांना पूर्ण कोरडं पडणं चालत नाही. वरचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सुकला की पाणी. नवख्याने ही दोन झाडं सहा महिन्यांनी आणावीत असं माझं मत आहे. रोपवाटिकावाल्याने हे म्हणू नये, पण म्हणतो.

पाणी कोणतं, यावर लोक फार वेळ घालवतात. साधं नळाचं चालतं. त्यातल्या क्लोरीनने घरातलं झाड मेलेलं मी पाहिलेलं नाही. रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी मी वापरतो ते दुसऱ्या कारणासाठी, ते खोलीइतकं उबदार होतं म्हणून. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर गार पाणी पडलं तर कायमचे फिकट डाग उठतात. स्पायडर प्लांट आणि ड्रसीना यांची टोकं तपकिरी होत असतील तर पाण्यातले क्षार किंवा फ्लोराइड हे कारण असू शकतं. फ्लोराइड पाणी उघडं ठेवून जात नाही. अशा झाडांना पावसाचं किंवा आरओ यंत्राचं पाणी द्या. जड पाणी मऊ करणारं मिठाचं यंत्र (वॉटर सॉफ्टनर) घरात असेल तर त्याच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या, कारण ते यंत्र कॅल्शियम काढून सोडियम घालतं.

पानांवर फवारा मारणं म्हणजे पाणी घालणं नव्हे. त्याने हवेतला दमटपणा काही मिनिटं वाढतो, बस. धूळ जाते, हौस फिटते. झाडं एकमेकांजवळ ठेवली तर त्याहून जास्त उपयोग होतो. सकाळी मॉन्स्टेराच्या किंवा अळूवर्गातल्या झाडांच्या पानांच्या टोकाला थेंब दिसले तर घाबरू नका. माती चांगली ओली असली की मुळं रात्री पाणी वर ढकलतात आणि ते टोकातून बाहेर येतं. तेवढं पाहून पुढचं पाणी एक-दोन दिवस लांबवा. आणि मातीवरून चिलटांसारख्या बारीक माश्या उडत असतील तर तो सरळ निरोप आहे: वरची माती सतत ओली आहे. त्यांच्या अळ्या तिथेच वाढतात. वरचा थर नीट सुकू दिला की त्यांचा बहुतेक कारभार आटोपतो. उरलेल्यांसाठी पिवळे चिकट कागद.

एखादं जुनं, तळाचं पान पिवळं पडून गळालं तर झाडाचा जमाखर्च म्हणून सोडून द्या. चार-पाच पानं एकदम, आणि तीही मऊ, पिवळी होत असतील तर ओल जास्त आहे. कुरकुरीत, कडेपासून तपकिरी होत असतील तर बहुधा तहान. बहुधा म्हणतो, कारण सडलेल्या मुळांनीही कडा करपतात. शेवटी मातीत बोट घालण्याला पर्याय नाही.

आता तुमची पीस लिली. आज पाणी घालू नका. कुंडी आडवी करून झाड गोळ्यासकट बाहेर काढा. पांढरी, टणक मुळं जिवंत. तपकिरी, लिबलिबीत, ओढलं की साल हातात येऊन आत दोऱ्यासारखी शीर उरते, ती मेलेली. स्वच्छ कात्रीने तेवढी कापून टाका. जुनी माती झटका, मुळं पाण्याखाली धुवा. किती मुळं उरली ते पाहून कुंडी निवडा; अर्धी गेली असतील तर कुंडीही लहान घ्या. कोकोपीट, थोडं गांडूळखत आणि निदान एक तृतीयांश परलाइट असं ताजं मिश्रण भरा. एकदा पाणी घालून निथरू द्या आणि ऊन थेट न लागणाऱ्या पण उजेडाच्या जागी ठेवा. मुळं कमी झालीत, तेव्हा सगळ्यात पिवळी पानंही काढून टाका, उरलेल्यांना पुरवठा होईल. मग रोज फक्त उचलून बघा. दोन-तीन आठवडे ती काहीच करणार नाही, आणि याच काळात लोकांना राहवत नाही. मधून नवं पान सुरळीतून वर आलं की मुळं लागली. त्यानंतरही महिनाभर खत नको, जखमी मुळांना ते पोळतं.

फर्न टबात भिजवून बघा. वाळलेली पाती मातीलगत कापा, बुडखा हिरवा असेल तर तीन-चार आठवड्यांत कोंब येतील.

जेडचा बुंधा गेला असला तरी शेंड्याकडची एखादी फांदी टणक राहिली असेल. आत तपकिरी ठिपका दिसणार नाही इतक्या वरून ती कापा, खालची पानं काढा आणि चार-पाच दिवस सावलीत नुसती ठेवून द्या. कापलेली जागा सुकून खपली धरली की भरड, कोरड्या मिश्रणात, भाजलेल्या मातीच्या छोट्या कुंडीत खोचा. खोचल्यावर आठवडाभर पाणी घालू नका. तुमच्या हाताची सवय माहीत आहे म्हणून पुन्हा सांगतो: आठवडाभर पाणी घालू नका.